आखडलेला खांदा आणि घरगुती उपाय

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात प्रताप नगर, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



आपल्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, वधूवरांचे परिचय होतात, ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर विद्वानांची भाषणे होतात. अशा व्यासपीठावर खांद्याच्या दुखण्यासारखा साधा विषय घेऊन उभे राहणे कित्येकांस विचित्र वाटेल. तथापि चालकांनी आम्हांस आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही हाच विषय बुद्ध्या निवडला. प्रताप नगर, खामला, त्रिमूर्तीनगर या आपल्या भागांत राहणाऱ्या ज्ञातिकुटुंबांत आमचे जे येणेजाणे आहे, त्यांत ‘हात वर जात नाही हो’ हे वाक्य आमच्या कानी वारंवार पडते. ज्याने माणूस मरत नाही त्या दुखण्याकडे घरातले कोणी लक्ष देत नाही, आणि ज्याचे दुखते तो मात्र रात्रीमागून रात्री बसून काढतो. अशा उपेक्षित दुखण्याची बाजू मांडणे हे आम्ही आमचे आजचे कर्तव्य समजतो.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. चाळिशी ते साठी या वयात, बहुधा काही इजा झालेली नसता, एका खांद्यात बारीक ठणका सुरू होतो. दिवसा तो सुसह्य असतो, रात्री त्या कुशीवर वळताच कळ उठते. पुढे केस विंचरताना हात डोक्यामागे जाईना, पोलक्याची पाठीमागची हूक लागेना, पुरुषांना पाठीवरचा पंचा ओढता येईना, मागच्या खिशातले पाकीट काढता येईना अशी स्थिती होते. दोरीवर धुणे घालणे, फडताळातला वरचा डबा काढणे, शर्टाची बाही चढवणे या रोजच्या गोष्टी कसोटीच्या होऊन बसतात. डॉक्टर मंडळी यास ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतील बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिले. त्यापूर्वी १८७२ मध्ये दुप्ले या फ्रेंच शल्यवैद्याने या दुखण्याचे वर्णन केले होते. जपानी लोक तर त्याला ‘पन्नाशीचा खांदा’ अशा अर्थाचेच नाव देतात, इतके त्याचे वयाशी नाते आहे.

परंतु हे दुखणे पाश्चात्त्यांनी शोधून काढले असे कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या प्रकरणात ‘अवबाहुक’ नावाचा विकार सांगितला आहे. खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू तेथील शिरांचा संकोच करतो आणि बाहू निकामा होतो, असा त्याचा आशय आहे. ‘संकोच’ ही कल्पना येथे महत्त्वाची आहे, कारण १९४५ साली नेव्हियासर या शल्यवैद्याने अशा खांद्यांची तपासणी करून सांध्याभोवतीचे आवरणच जाड होऊन आकसते असे दाखवले, आणि आजचे शास्त्रही तेच मानते. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू आहे. त्याच्याभोवती एक पातळ पिशवी असते. कुडते शिवताना शिंपी बगलेत कापड सैल ठेवतो, म्हणून हात वर नेता येतो; तशीच ही पिशवी बगलेच्या बाजूस सैल असते. रोगात तिला सूज येते, मग ती जाड होते, तिची सैल घडी आटून जाते, आणि बगलेत तंग झालेल्या कुडत्यासारखा हात जागच्या जागी अडतो. स्नायू शाबूत असतात, हाडही शाबूत असते; म्हणूनच साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा काही दिसत नाही, आणि ‘फोटोत काही नाही’ असे ऐकून घरची मंडळी रुग्णालाच नाटकी ठरवतात!

हे दुखणे खरोखर हेच आहे काय, याची एक परीक्षा घरी करता येते. आरशासमोर उभे राहावे. दोन्ही कोपरे कमरेला चिकटवून काटकोनात वाकवावी, आणि दाराची दोन फळे उघडावीत तसे दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूस न्यावेत. आखडलेल्या खांद्याचे फळ अर्ध्यावरच अडते. त्यानंतर दुसऱ्या कोणी तोच हात हळूच धरून बाहेर नेऊन पाहावा. तरीही तो जात नसेल, तर आवरण आकसले असल्याचा बळकट संशय घ्यावा. उलट आपल्याला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर सहज वर जातो, अशी स्थिती असेल, विशेषतः ती पडल्यानंतर उद्भवली असेल, तर स्नायूची दोरी तुटल्याचा संभव असतो. तेथे घरगुती उपायांत वेळ न दवडता अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

या रोगाची चाल तीन टप्प्यांची असते. पहिला टप्पा दुखण्याचा. तो काही आठवड्यांपासून सुमारे नऊ महिन्यांपर्यंत चालतो. दुसरा आखडण्याचा, त्यात ठणका उतरतो पण हात अडकतो, आणि हा काळ चार महिने ते वर्षभर असतो. तिसरा मोकळे होण्याचा. तो कित्येक महिने, क्वचित दोन वर्षेही घेतो. एकंदर एक ते तीन वर्षांचा हा प्रवास आहे. बहुतेकांचा हात कामापुरता परत येतो, काहींच्या हातात थोडी अढी कायमची राहते. हे कालमान ऐकून कोणी खचून जाऊ नये. उलट ते ठाऊक असल्याने दोन मोठे लाभ होतात. एक, आठ दिवसांत बरे करण्याची हमी देणाऱ्यांच्या नादी आपण लागत नाही. दुसरा, कोणत्या टप्प्यात काय करावे याचा विवेक राहतो. आणि घरगुती उपचाराचे सारे सार या विवेकात आहे.

पहिल्या टप्प्यात धोरण एकच : ठणका शमवावा, सांधा डिवचू नये. शेक हा आपल्या घराघरांतील जुना उपाय येथे उत्तम आहे. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, निर्गुंडीचा पाला घालून उकळलेल्या पाण्यात पिळलेले फडके, यांपैकी जे सोयीचे असेल ते घेऊन दहा ते पंधरा मिनिटे शेकावे. पाला कोणता हे गौण आहे. ऊब हे मुख्य आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर गेला असता शेकाचे नावही नकोसे होते. त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतले पाणीच तापलेले असते. तेच खांद्यावर धार धरून दहा मिनिटे घेतले तरी काम भागते. मात्र मधुमेही व्यक्तीने शेक घेताना त्याची ऊब आधी दुसऱ्याच्या हाताने पाहून घ्यावी. अशा पुष्कळांच्या त्वचेची जाणीव मंद झालेली असते, आणि खांद्यासाठी घेतलेल्या शेकाने फोड उठल्याचे आम्ही पाहिले आहे. ज्यांना शेकापेक्षा गारव्याने बरे वाटते, त्यांनी बर्फ कापडात गुंडाळून लावण्यास हरकत नाही.

तेल लावण्याबद्दल पुष्कळ भगिनी विचारतात. तिळाचे कोमट तेल हलक्या हाताने लावल्यास खांद्याभोवतीचे ताठरलेले स्नायू सैल पडतात आणि झोप बरी लागते. तेल आवरणापर्यंत झिरपून ते सैल करते असे मात्र नाही. तेल लावणे निराळे आणि रगडणे निराळे. आपल्या विदर्भात दुखऱ्या जागी बिब्बा लावण्याची चाल खेड्यापाड्यांतून अजून ऐकू येते. बिब्ब्याचा रस दाहक आहे, त्याने कातडी जळते आणि जखमा चिघळतात; तो खांद्याला मुळीच लावू नये.

झोपेची व्यवस्था हा निम्मा उपचार आहे. उताणे निजावे आणि दुखऱ्या दंडाखाली, कोपरापासून खांद्यापर्यंत, एक पातळ उशी किंवा घडी केलेली चादर ठेवावी, म्हणजे हात मागे लोंबत नाही. कुशीवर निजणे असेल तर चांगल्या बाजूवर निजून छातीशी उशी धरावी व दुखरा हात तिच्यावर टेकवावा. कपडे घालताना बाही आधी दुखऱ्या हातात चढवावी, काढताना ती शेवटी उतरवावी. हात गळ्यात बांधून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. निश्चल ठेवलेला खांदा अधिकच आखडतो. मोडलेला हात प्लास्टरमध्ये राहिल्यावर, हृदयाच्या किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर, अर्धांगवायूनंतर, हा विकार कित्येकांना होतो याचे एक कारण हेच आहे.

आता व्यायामांकडे वळू. ते नेहमी शेकानंतर किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर करावे. पहिला व्यायाम झोक्याचा. तो कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेत किंचित वाकावे, दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडावा, आणि शरीराच्या हेलकाव्याने त्याचे सुमारे फूटभर रुंदीचे वर्तुळ काढावे. दहा फेरे एका दिशेने, दहा उलट दिशेने. हा व्यायाम दुखण्याच्या टप्प्यातही जमतो. पुढचे चार व्यायाम ठणका उतरू लागल्यावर घ्यावेत.

दुसरा व्यायाम भिंतीवर बोटे चालवण्याचा. भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभे राहावे आणि बोटांनी मुंगीप्रमाणे वर वर चढत जावे. काम बोटांनी करायचे आहे, खांदा कानाकडे उचलून नव्हे. जेथे हात थांबेल तेथे पेन्सिलीने बारीक खूण करून तारीख लिहावी. महिन्यानंतर ती खूण चार बोटे वर सरकलेली दिसली की मनाला जी उभारी येते, ती कोणत्याही गोळीने येणार नाही.

तिसरा पंचाचा. पंचा पाठीमागे आडवा धरावा, दोन्ही टोके दोन हातांत घ्यावी, आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला हळूहळू वर ओढावे. चौथा व्यायाम छातीवरून : चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचे कोपर धरून ते दुसऱ्या खांद्याकडे न्यावे आणि पंधरा ते वीस सेकंद तेथेच धरावे. पाचवा लाटण्याचा किंवा काठीचा. उताणे निजून कोपर बरगडीला चिकटवावे, काटकोनात वाकवावे, दोन्ही हातांत काठी धरावी, आणि चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेरच्या बाजूस न्यावा. जी हालचाल या रोगात सर्वांआधी जाते तीच हा व्यायाम परत मिळवतो, म्हणून यास आळस करू नये. प्रत्येक व्यायामाची दहा आवर्तने, दिवसातून एकदा-दोनदा, एवढे पुरे.

येथे एक नियम सर्वांनी लक्षात ठेवावा. व्यायामाच्या वेळी ताण जाणवला तर तो योग्य. परंतु व्यायामानंतर तासाभराने ठणका वाढला किंवा रात्रीची झोप गेली, तर तो अतिरेक झाला असे समजून दुसऱ्या दिवशी निम्म्यावर यावे. सोसण्याची हौस येथे कामाची नाही. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने वेदनेच्या मर्यादेत राहून हलक्या हालचाली केल्या, दुसऱ्याला वेदनेपलीकडे नेणारा जोराचा व्यायाम व ताण दिला गेला. दोन वर्षांनी पहिल्या गटातील शंभरात ८९ जणांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला, दुसऱ्या गटात ते प्रमाण ६३ होते. आपल्याकडे ‘एकदा झटका दिला की मोकळा होतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. भुलेविना खांद्याला दिलेल्या झटक्याने आवरण फाटते, क्वचित हाडही मोडते. आमच्या माहितीतील एका बावन्न वर्षांच्या भगिनीला शेजारच्या आग्रहावरून अशाच एका चोळणाऱ्याकडे नेण्यात आले. त्यानंतर तीन महिने त्यांना हात अंगावेगळा करता आला नाही.

त्या भगिनींची हकीकत आणखी एका कारणासाठी सांगणे प्राप्त आहे. त्यांचे दुखणे सुरू होऊन आठ महिने झाले होते. घरी वडीलधारी मंडळी ‘पोळ्या लाटायच्या वेळीच हिचा हात दुखतो’ असे म्हणत, आणि त्या निमूटपणे औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणवून घेत. शेवटी रक्त तपासले तेव्हा साखर कितीतरी वाढलेली निघाली. मधुमेह केव्हा सुरू झाला हे त्यांना ठाऊकच नव्हते. तो प्रथम बोलला तो खांद्याच्या मुखाने! ही गोष्ट अपवादात्मक नव्हे. सर्वसाधारण लोकांत हा विकार शंभरात दोन ते पाच जणांना होतो, तर मधुमेहींत तो दहा ते वीस जणांना, किंबहुना त्याहूनही अधिक आढळतो. थायरॉईड ग्रंथीच्या विकारातही त्याचे प्रमाण वाढलेले असते. सबब आमची आपणांस आग्रहाची विनंती आहे, की ज्याचा खांदा आखडला त्याने तेलाची बाटली उघडण्यापूर्वी रक्तातील साखर आणि थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी. साखर ताब्यात नसेल तर खांदाही अधिक काळ रेंगाळतो.

वेदनाशामक गोळ्यांविषयी दोन शब्द. ठणक्याच्या दिवसांत त्या लागतात, आणि वैद्याच्या सल्ल्याने थोडे दिवस घेण्यात काही गैर नाही. परंतु महिनोन्महिने आपल्या मनाने घेतलेल्या गोळ्या जठरात व्रण करतात, मूत्रपिंडाला इजा करतात, रक्तदाब वाढवतात. ज्यांना आधीच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये. सुरुवातीच्या काळात ठणका अनावर असेल तर तज्ज्ञ डॉक्टर सांध्यात सूज उतरवणारे इंजेक्शन देतात. त्याने काही आठवडे चांगला आराम पडतो व त्या अवधीत व्यायाम करता येतो. मधुमेहींची साखर मात्र त्यानंतर काही दिवस चढते, तिकडे लक्ष ठेवावे. भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे पुढचे उपाय आहेत. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात हे दोन्ही उपाय आणि इंजेक्शनासह व्यायामोपचार यांची तुलना झाली, आणि वर्षाअखेर यांपैकी कोणताही उपाय इतरांहून स्पष्टपणे सरस ठरला नाही. म्हणून शस्त्रक्रियेची घाई नको, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना तिचे भयही नको.

काही प्रसंगी घरगुती उपाय बाजूला ठेवावे लागतात, ते सांगतो. डाव्या खांद्यातील कळ छातीत दडपण, घाम किंवा धाप यांसह आली, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तेव्हा शेकत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खांदा लाल होऊन सुजला आणि ताप आला, हाताला मुंग्या येऊन बळ गेले, विनाकारण वजन घटू लागले, पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले, तर त्वरित तपासणी करावी. आपल्या शहरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत. खर्चाच्या धास्तीने कोणी घरी कुढत बसण्याचे कारण नाही.

आणखी एक मुद्दा सांगून आम्ही आपली रजा घेणार आहोत. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची, म्हणजे कामातून उपचार करण्याच्या विद्येची, देशातील पहिली शाळा सुरू केली. रुग्णाच्या नित्याच्या कामालाच उपचाराचे रूप द्यावे, हे या विद्येचे तत्त्व. आपल्या घरांत ते सहज अमलात येण्यासारखे आहे. हात मोकळा होण्याच्या टप्प्यात फडताळाच्या मधल्या कप्प्यात डबा ठेवावा, महिन्याने तो वरच्या कप्प्यात न्यावा. धुण्याची दोरी आधी छातीइतकी बांधावी, मग खांद्याइतकी, मग डोक्याइतकी. असे केले म्हणजे संसार चालतो आणि व्यायामही होतो.

परंतु यासाठी घरातील इतरांचे सहकार्य लागते. पहिल्या टप्प्यात पाण्याची कळशी दुसऱ्याने उचलावी, कणीक मुलाने किंवा यजमानांनी मळावी, वेणी सुनेने किंवा लेकीने घालावी. त्यात कोणाचाही मान कमी होत नाही. आपल्या ज्ञातीतील स्त्रिया दुखणे सांगत नाहीत, हा आपण त्यांचा गुण मानत आलो. आमच्या मते तो गुण नव्हे, तर आपण न विचारल्याचा परिणाम आहे. ज्या घरात ‘तुझा हात वर जातो का’ असे कोणी विचारते, त्या घरातील खांद्याचे दुखणे आठ महिने लपत नाही, आणि त्याच्या आड दडलेला मधुमेहही लपत नाही.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. हळदीकुंकू, कोजागरी आणि वार्षिक मेळावा या प्रसंगी आपण एकत्र येतोच. त्या वेळी चाळिशीच्या पुढील सर्व स्त्री-पुरुषांनी दोन्ही हात एकदा डोक्यावर, एकदा पाठीमागे नेऊन पाहावेत, आणि ज्यांचा हात अडेल त्यांची रक्ततपासणी मंडळातील वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या बंधुभगिनींनी करवून द्यावी. यास द्रव्य फारसे लागत नाही. केवळ आस्था लागते, आणि ती आपल्या मंडळाजवळ विपुल आहे.